दुसऱ्यांदा विचारलं नाही

नॉर्डल, नॉर्थ डकोटा
२० जानेवारी १९८६

प्रिय सेल्मा,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. त्यावर 'इकडे सगळं ठीक' एवढंच लिहिलंयस. चाळीस वर्षं शेजारी काढलेल्या बाईला एवढ्यावर भागवतात का? आमचा ऑरिन म्हणाला, तुझा नेल्ससुद्धा असंच लिहायचा, दोघं नवरा-बायको शब्द जपून वापरायची. मी म्हटलं, नेल्स तुझा चुलतभाऊ होता, त्याला तू काय हवं ते म्हण, पण सेल्मा बारा वर्षं शाळेत शिकवायची, तिला शब्दांची काय टंचाई?

गुरुवारी चर्चचं महिला मंडळ माझ्याकडे होतं. पर्ल स्टेनच्या पुतण्याने कुठल्याशा मासिकात वाचलं की राहायला चांगल्या राज्यांत तुझं व्हरमाँट पार वर आहे आणि आपण तळाशी. हवा चांगली, डॉक्टर जवळ, माणसं शिकलेली, असं काय काय. पर्लने ते अशा थाटात सांगितलं, जणू मासिक तीच छापते. मग सगळ्याजणी म्हणाल्या, कशाला मासिक पाहिजे, आपली सेल्मा तिथेच आहे, तिलाच विचारा. तेव्हा मंडळाच्या वतीने विचारते: तिकडे राहणं कसं आहे? आपल्यापेक्षा बरं का? सविस्तर लिही. पत्र मंडळात मोठ्याने वाचलं जाईल, म्हणून अक्षर नीट काढ. मंडळाला कुठलं उत्तर हवंय ते तुला वेगळं सांगायला नको.

ऑरिन रविवारी कब्रस्तानात नेल्सपाशी जाऊन आला. बर्फ कमरेएवढं आहे, दगड दिसत नाही, पण जागा त्याला माहीत आहे.

तुझी,
आर्डिस


ईस्ट मार्लो, व्हरमाँट
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय आर्डिस,

ऑरिनला सांग, मी त्याची आभारी आहे. याहून जास्त त्याबद्दल लिहिता येत नाही.

मंडळाने विचारलं आहे म्हणून सुचेल तसं लिहिते. इथे डोंगर आहेत. सूर्य त्यांच्या मागून उशिरा येतो आणि दुपार पुरी व्हायच्या आत मागे जातो. वारा नाही. पहिले काही दिवस मला चुकल्यासारखं वाटायचं आणि कशामुळे ते कळायचं नाही, मग लक्षात आलं की घर वाजत नाही. रस्ते मातीचे आहेत, पण बर्फ काढायला माणूस वेळेवर येतो. गावात एका खोलीचं वाचनालय आहे. माझी मारेन ज्या हॉस्पिटलात नर्स आहे ते अर्ध्या तासावर आहे. तिकडे आपल्याला किती लांब जावं लागायचं आणि नेल्सच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे, तेव्हा या बाबतीत मासिकाचं म्हणणं खरं आहे असं मंडळाला सांग.

माणसांचं सांगायचं तर, समोरून गाडी आली की इथे कोणी स्टिअरिंगवरचं बोट वर करत नाही. मी करते. लोक वळून बघतात.

आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, कोलबर्न यांचं घर आहे. हेस्टर कोलबर्न साधारण पंचावन्नची, लग्न केलेलं नाही, गावच्या दप्तराचं सगळं काम तिच्याकडे असतं. तिचे वडील लायमन नव्वदीला आलेले. घरामागे त्यांचं मेपलच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. हंगाम मार्चमध्ये असतो. म्हातारबुवांना हल्ली अधूनमधून आठवत नाही, पण गुऱ्हाळाचं सगळं आठवतं.

गेल्या आठवड्यात हेस्टर दारात आली आणि म्हणाली, कॉफी ठेवलीय, येता का? मी म्हटलं, नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास. ती म्हणाली, "बरं." आणि गेली. मी ॲप्रन काढून हातात धरून उभी होते. खरंच गेली, आर्डिस. रस्ता ओलांडून, घरात जाऊन तिने दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, अहो त्रास कसला; मग मी म्हणेन, बरं, अर्धाच कप. मी ॲप्रन परत बांधला.

मारेनला सांगितलं तर ती हसली. ती म्हणाली, आई, इथे एकदाच विचारतात. मी म्हटलं, मग जेवायला आलेला माणूस इथे उपाशीच जात असेल.

एवढं पुरे. माझं बरं चाललंय.

सेल्मा


नॉर्डल
१४ फेब्रुवारी १९८६

प्रिय सेल्मा,

अगं, काय सांगू! तुझं पत्र वाचताना ॲप्रनपाशी आल्यावर मला पुढे वाचवेना. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं नव्हतं, तर त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. पर्ल तर म्हणाली, एकदाच विचारणं म्हणजे न विचारल्यासारखंच, ते विचारणाऱ्याने आपलं कर्तव्य उरकलं. मी गेल्याच रविवारी तिच्याकडे केकला दोनदा नको म्हटलं तर तिसऱ्यांदा तिने बशी माझ्या मांडीवरच ठेवली. तशी ती मूर्ख आहे, पण रीतभात जाणते.

मग आम्ही मतदान घेतलं. डॉक्टरच्या बाबतीत व्हरमाँट, वाचनालयाच्या बाबतीत व्हरमाँट, वाऱ्याच्या बाबतीत मतं फुटली. माणसांच्या बाबतीत नॉर्थ डकोटा, एकमताने. पुतण्याला ते तसं कळवायचं पर्लने कबूल केलं आहे.

आता गंमत बाजूला. तू 'बरं चाललंय' लिहितेस तेव्हा मला काळजी वाटते. त्या बाईने बोलावलं नाही तर तू त्यांच्या दारात जाऊ नकोस. आपला मान आपण ठेवावा. पुढचं पत्र मोठं लिही, मंडळ वाट बघतंय. तुझ्या पत्राच्या दिवशी हजेरी वाढते.

आर्डिस


ईस्ट मार्लो
९ मार्च १९८६

प्रिय आर्डिस,

इकडे एक वाईट गोष्ट घडली. समोरचे लायमन कोलबर्न शुक्रवारी गेले.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी इथे ग्रामसभा असते. सगळा गाव सभागृहात जमतो. रस्त्यांपासून शाळेपर्यंत सगळं त्याच दिवशी हात वर करून ठरवतात. दुपारी जेवणही तिथेच. हेस्टरला तर जावंच लागतं, दप्तर तिच्याकडे. त्या दिवशी म्हातारबुवा घरी एकटे होते. रसाचा हंगाम नुकताच सुरू झाला आहे. ते गुऱ्हाळाकडे गेले, कढईखाली जाळ घालायला असावेत. वाटेत उतार आहे, वर पातळ बर्फ आणि खाली चिखल. तिथे पडले. संध्याकाळी हेस्टर सभेहून आली तेव्हा सापडले. कंबर मोडली होती आणि अंग गार पडलं होतं. मारेनच्याच हॉस्पिटलात नेलं. मारेन म्हणाली, ते सारखं विचारत होते, कढई करपली का?

दफन मेमध्ये होईल. तोवर जमीन खणता येत नाही, आपल्याकडच्यासारखंच. शवपेटी कब्रस्तानातल्या दगडी खोलीत ठेवतात.

मी गावात नवीन आहे, त्यामुळे मला काय बोलावं ते सुचलं नाही. कार्ड टाकून आले.

या वेळी जास्त लिहीत नाही.

सेल्मा


नॉर्डल
१८ मार्च १९८६

प्रिय सेल्मा,

तुझं पत्र वाचून मंडळात कोणी कॉफीला हात लावला नाही. नव्वदीच्या माणसाला एकटं टाकून सगळा गाव सभेला जातो! आणि तिथे जेवतातही! ऑरिन म्हणाला, आपल्याकडे म्हाताऱ्या एरिकला आठवण राहीनाशी झाली तेव्हा सात शेतांतल्या बायकांनी वार वाटून घेतले होते. त्यातली तूही होतीस, सेल्मा, तुझा बुधवार होता. कोणाला विचारावंही लागलं नव्हतं.

पर्लच्या सुद्धा डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, त्या मुलीला आता जन्मभर खात बसेल हे. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की तिला मंडळाकडून कार्ड पाठवायचं. पत्ता तुझ्या समोरचाच, म्हणून सोपं गेलं. मी मजकूर केला आणि अकराजणींनी सह्या केल्या. कडू काही लिहिलं नाही, काळजी करू नकोस. लिहिलं की सेल्माने आम्हाला सगळं कळवलं, त्या दिवशी तुमचे वडील अगदी एकटे होते हे वाचून आमचं काळीज तुटलं, असं ओझं घेऊन जगणं किती अवघड असेल, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

तू आता परत ये. कुठल्या लोकांत राहिली आहेस? तुझ्या घरात राहणारे भाडेकरू जूनमध्ये जाताहेत. ऑरिन छप्पर बघून देईल. ये.

आर्डिस


ईस्ट मार्लो
२ एप्रिल १९८६

प्रिय आर्डिस,

हे पत्र मंडळात वाचू नकोस. आधी तू एकटीने वाच.

कार्ड पोचलं. शनिवारी सकाळी हेस्टर ते घेऊन माझ्याकडे आली. मारेन कामावर होती. मी दार उघडलं तर तिने आत येऊन, बूट न काढता, कार्ड स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. अकरा सह्या. मी एकेक ओळखत होते.

तिने विचारलं, तुम्ही या बायकांना काय कळवलंय? मी म्हटलं, तुमचे वडील पडले, एकटे होते, एवढंच. ती म्हणाली, एकटे होते हे खरंच आहे. मग म्हणाली,

"का एकटे होते, तेही लिहिलंत का?"

मी लिहिलं नव्हतं. तुलाही नाही. आता लिहिते.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हेस्टरचा फोन आला होता. वडिलांजवळ बसायला जी बाई येणार होती तिला ताप आला होता. हेस्टरने मला विचारलं, उद्या दिवसभर त्यांच्याजवळ बसाल का? मी म्हटलं, माझा काय उपयोग, त्यांना ओळखणारं कोणी असलं तर बरं, मी उगाच मधे मधे व्हायची.

तुला कळेल मी काय म्हटलं ते. नॉर्डलमध्ये कोणालाही कळलं असतं. फोन ठेवल्यावर मी खजुराच्या वड्यांचं सारण शिजवायला ठेवलं. सकाळी राखाडी पोशाख घातला, वड्या डब्यात भरल्या, वाचायला एक पुस्तक काढून ठेवलं आणि फोनजवळ बसले. ती परत विचारेल याची मला खात्री होती. साडेआठला ती गाडी काढून गेली.

हे सगळं मी तिला तिथेच सांगितलं. वड्यांचंसुद्धा. ती मला नीट समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली,

"म्हणजे तुम्हाला यायचं होतं?"

मी हो म्हटलं.

"मग नाही का म्हणालात?"

मी म्हटलं, मी नाही म्हटलं नव्हतं, आमच्याकडे तसं बोलतात, दुसऱ्यांदा विचारलं की हो म्हणतात. ती म्हणाली की मी नाही म्हटल्यावर तिने आणखी दोन घरी फोन केले, पण दोघंही सभेला निघणार होते. वडिलांनीच तिला सांगितलं, जा, मी काय लहान आहे? ती म्हणाली, तुम्ही मोठ्या आहात, नवरा जाऊन वर्षही झालं नाही, आजाऱ्याजवळ बसवत नसेल, असं मला वाटलं. म्हणून पुन्हा विचारून मी तुम्हाला अवघडवलं नाही.

आर्डिस, तिने माझा मान ठेवला होता. एकदाच विचारून.

जाताना तिने कार्ड टेबलावरच ठेवलं. म्हणाली, हे तुमच्याकडे राहू दे, माझ्याजवळ याला जागा नाही.

यापुढचं मी तिला सांगितलेलं नाही. मारेनलाही नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीतून त्यांच्या घराच्या कडेने मागचं अंगण दिसतं. त्या दिवशी दहाच्या सुमारास मी लायमनना बाहेर येताना पाहिलं. टोपी होती, जाड कोट होता, हातात बादली. पायात घरातल्या सपाता होत्या. मी ते पाहिलं. कापडी सपाता, टाचेवर दुमडलेल्या. ते उतरत गुऱ्हाळाकडे गेले आणि कोपऱ्याआड झाले. माझ्या मनात आलं की आत कोणीतरी असेल, माझ्यापेक्षा चांगलं कोणी मिळालं म्हणूनच तिने मला परत विचारलं नाही, तर त्या बाईने बघावं. मी रुसले होते. अडुसष्ट वर्षांची बाई, अंगावर चांगला पोशाख घालून, मांडीवर वड्यांचा डबा घेऊन रुसून बसले होते. दुपारी मी त्यातल्या दोन वड्या खाल्ल्या. नंतर पडदा ओढून घेतला, म्हणजे ती परत आल्यावर मी वाट बघत होते असं तिला वाटू नये.

मला काय करावं कळत नाही. ती दिवसातून दोनदा माझ्या दारावरून जाते. चिखल इतका आहे की सगळे एकाच कडेने चालतात, ती कडा आमच्या बाजूची आहे. मान हलवते. तिला वाटतं, चूक शब्दांची झाली.

सेल्मा


नॉर्डल
१२ एप्रिल १९८६

प्रिय सेल्मा,

आठवडाभर उत्तर लिहायला बसते आणि उठते. पत्र मी एकटीनेच वाचलं. ऑरिनला दिलं नाही. मंडळात विचारलं, सेल्माचं काही आलं का, तर मी म्हटलं, टपाल उशिरा येतंय. पर्लने माझ्याकडे नीट बघितलं. ती वाटते तेवढी मूर्ख नाही.

ते कार्ड आठवलं की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चेहरा झाकून घेते. 'असं ओझं घेऊन जगणं' हे शब्द माझे. मला ते चांगले जमले असं वाटलं होतं, मी ते दोनदा वाचून दाखवले होते.

आता तू काय करावंस ते सांगते. सपातांचं तिला सांगू नकोस. सांगून म्हातारा परत येणार नाही आणि तिच्या मनाला आणखी एक घर पडेल. तू सांगशील ते तुझं मन हलकं व्हावं म्हणून, आणि भार तिच्यावर जाईल. गप्प राहणं हीसुद्धा एक शिक्षा आहे, ती तू घे. मेमध्ये दफनाला जा, वड्या घेऊन जा, भांडी घास. ती नको म्हणेल, तू ऐकू नकोस. बाई नको म्हणते तेव्हा तिला कोणीतरी हवं असतं, मग ती कुठल्याही राज्यातली असो.

आणि मग इकडे ये. तुला राहवणार नाही तिथे.

एक गोष्ट मलाही सांगायची आहे, म्हणजे तू एकटी नाहीस हे तुला कळेल. ऑक्टोबरमध्ये तू म्हणालीस, मारेनकडे जाते, तेव्हा मी म्हटलं, जाऊ नकोस. दुसऱ्यांदा तुझ्या ओसरीवर म्हटलं. तू तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघत होतीस, हे मला दिसत होतं, सामान अर्धंच बांधलं होतंस. मी म्हटलं नाही. नेल्सनंतर तू बोलत नव्हतीस, नुसती यायचीस आणि खुर्चीत बसायचीस, आणि मी दमले होते, सेल्मा. तू गेलीस त्या दुपारी मी झोपले आणि मला छान झोप लागली.

म्हणून माझं 'ये' हे आता मनापासून आहे. ऑरिन शिडी काढून ठेवतोय.

आर्डिस


ईस्ट मार्लो
१८ मे १९८६

प्रिय आर्डिस,

सामान अर्धंच बांधलं होतं हे खरं आहे. तू लिहिलंस म्हणून मला राग नाही आला. मी तेव्हा तुला दमवत होते हे मला कळत होतं, तरी येऊन बसत होते.

मी हेस्टरला सांगितलं. तुझा सल्ला मी चांगल्या मनाने वाचला आणि तीन आठवडे पाळला. पण ती रोज मान हलवायची, आणि एके दिवशी चिखल वाळल्यावर तिने दारात थांबून मला सांगितलं की तिने नॉर्थ डकोटाच्या त्या रीतीबद्दल गावात एक-दोघांना सांगितलं, म्हणजे माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये. ती माझी बाजू सांभाळत होती. त्यानंतर मला गप्प बसता येईना. हे माझं मन हलकं करण्यासाठी झालं का, असं मी स्वतःला विचारलं आहे. थोडं तसंही असेल. मन हलकं मात्र झालं नाही.

हंगाम संपला होता. ती गुऱ्हाळाबाहेर बादल्या धूत होती. मी गेले आणि उभ्यानेच सांगितलं, मी त्यांना जाताना पाहिलं होतं, पायात सपाता होत्या तेही पाहिलं होतं, आणि मी आले नाही. तिने हातातली बादली धुवून पुरी केली. मग विचारलं, तुम्ही कामात होतात का?

"नाही. रुसून बसले होते."

"कोणावर?"

"तुमच्यावर."

तिने बादली पालथी घातली, दुसरी घेतली, तीही धुतली. मी तशीच उभी होते. नळाचं पाणी माझ्या बुटांकडे येत होतं आणि मी पाय हलवला नाही. शेवटी ती म्हणाली,

"दफन सतरा तारखेला आहे. तुम्ही येऊ नका."

तिने ते चढ्या आवाजात म्हटलं नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हटलं. माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, निदान भांडी तरी घासते, निदान मागे तरी उभी राहते. आपण आयुष्यभर अशीच तर वाक्यं बोललो. मी ते गिळलं, बरं म्हटलं आणि घरी आले.

काल दफन झालं. मारेन गेली, हॉस्पिटलात तिनेच त्यांचं सगळं केलं होतं. निघताना तिने विचारलं, येतेस ना? मी म्हटलं, मला येऊ नका म्हणून सांगितलंय. तिने का विचारलं आणि मी तिलाही सांगितलं. ती हातात गाडीची किल्ली घेऊन ऐकत राहिली. ती नर्स आहे, माणूस गारठून किती वेळ तग धरतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती गाडी काढून गेली. संध्याकाळी परत आल्यावर तिने माझ्यासमोर ताट ठेवलं, पण स्वतः खोलीत जाऊन जेवली.

मी दिवसभर घरात होते. गाड्या जाताना ऐकू आल्या, मग बराच वेळ काही नाही. मी वड्या केल्या नाहीत. खजूर फडताळातून काढला होता, तो परत ठेवला. तू म्हणालीस, ती नको म्हणेल, ऐकू नकोस. मी ऐकलं. तिच्यासाठी एवढी एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती.

मी नॉर्डलला येणार नाही. शिडी आत ठेवायला सांग ऑरिनला. मी इथे आनंदात आहे असं नाही, आणि हेस्टर मला माफ करेल म्हणून थांबते असंही नाही. ती तसं काही म्हणालेली नाही आणि म्हणेल असं वाटत नाही. पण तिकडे आले तर तुम्ही सगळ्याजणी मला समजून घ्याल. पहिल्याच गुरुवारी. मला ते सोसणार नाही. यावर तू दुसऱ्यांदा विचारशील हे मला माहीत आहे. विचारू नकोस.

नेल्सच्या दगडावर तारीख कोरून झाली की कळव. मी उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी येईन आणि तुझ्याकडेच उतरेन, बोलावलंस तर.

हे पत्र आणि एप्रिलमधलं पत्र, दोन्ही मंडळात वाच. तुझ्या झोपेचं आणि मी खुर्चीत येऊन बसायची त्याचं तेवढं सोड, ते आपल्या दोघींचं आहे. बाकी काही गाळू नकोस, सपाता नाहीत आणि वड्याही नाहीत. ज्या अकराजणींनी सह्या केल्या त्या सगळ्या असतील अशा दिवशी वाच. मंडळाने विचारलं होतं, कुठे राहणं बरं, माणसं कुठली बरी, आणि तुम्ही एकमताने ठरवलं होतं. त्या दिवशी खिडकीत बसलेलं माणूस व्हरमाँटचं नव्हतं, आपल्या नॉर्डलचं होतं, त्याच मंडळातलं, एरिकच्या वेळी बुधवार घेणारं. हे पर्लच्या पुतण्यालाही कळवायला हरकत नाही.

वाचून झाल्यावर कोणी काय म्हणालं ते मला लिही. कोणीच काही म्हणालं नाही आणि तुम्ही कॉफी ओतायला घेतलीत, तर तसं लिही.

सेल्मा